डाव्या हाताचं लग्न

माझ्या जोसेफीन मावशीने स्वतः लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांची एवढी लावली की आमच्या चकाल्याच्या पाद्रीबाबांनीही तेवढी लावली नसतील. ही लग्नं माणसांची नव्हती, हातांची होती. मावशी पियानो शिकवायची. तिची पद्धत अशी, की वाजवायच्या कुठल्याही तुकड्याचा उजवा हात आधी पुरा बसवायचा. मग उजवा मांडीवर ठेवून डावा पुरा बसवायचा. दोघं आपापल्या पायांवर उभे राहिले, की मग एक रविवार ठरवून दोघांना एकत्र आणायचं. त्याला ती लग्न म्हणायची. घाई करणाऱ्या पोरांना ती ठणकावून सांगायची, "ज्याला एकटं ऱ्हाता येत नय, त्याचं लगीन लावू नये."

लग्नाच्या दिवशी बाकीची पोरं पाहुणे म्हणून यायची आणि मावशी मैद्यात नारळाचं दूध न् अंडी घालून फुगे तळायची. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत फुग्यांशिवाय लग्न होत नाही, मग ते हातांचं का असेना.

माझे हात मात्र कुमारच राहिले. गोराईहून आईने मला शाळेसाठी मावशीकडे ठेवलं होतं. मावशीने मला पहिल्या महिन्यात पियानोवर बसवलं आणि दुसऱ्या महिन्यात उठवलं. "एथेल, तुजे हात कोलंबी सोलायला बरे," म्हणाली. मला राग आला होता, पण कोलंबी मी खरंच चांगली सोलते. तेव्हापासून शिकवणीच्या वेळी मी ओटीवर बसून कोलंबी सोलायची आणि आत काय चाललंय ते ऐकायची. वाजवता येत नसलं तरी चुका मला बरोबर कळायच्या. हा गुण आमच्या सगळ्या घराण्यातच आहे.

पियानो कुणा गोऱ्या रेल्वे साहेबाचा. स्वातंत्र्यानंतर साहेब आपल्या देशी निघाला तेव्हा मावशीने तो घेतला आणि बैलगाडीतून चकाल्याला आणला. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पत्र्याच्या डब्यांत उभे असत, डब्यांत घासलेट घातलेलं पाणी. पावसाळ्यात आत दिवा लावून ठेवायचा, नाहीतर पट्ट्या फुगून खाली बसायच्या त्या वर यायच्याच नाहीत. एवढी बडदास्त घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

अशा घरात एक दिवस मार्तंडराव आठल्ये आपल्या मुलीला, कुंदाला, घेऊन आले. अंधेरी स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगीत राहायचे, फोर्टात विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि दर गुरुवारी भजनाला पेटी वाजवायचे. कुंदा माझ्याच वयाची. तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभात मावशीने पियानो वाजवला होता, तो ऐकून हिने घरी हट्ट धरला होता. मार्तंडराव पियानोभोवती एक फेरी मारून म्हणाले, "म्हणजे पेटीच ही. जरा मोठी. आमच्या कुंदाला पेटी उत्तम येते, टीचर. तुम्हाला फार त्रास पडायचा नाही."

मावशी हसली. आमच्या बोलीत पेटी म्हणजे कपड्यांची पेटी. बाजाच्या पेटीला आम्ही हार्मोनियमच म्हणायचो. तिला वाटलं, साहेब पियानोच्या लाकडाबद्दल बोलताहेत; पुढचं तिने मनावरच घेतलं नाही.

कुंदाचा उजवा हात पाहून मावशी खूश झाली. तळहाताखाली लिंबू धरल्यासारखा हात ठेवायचा, हा मावशीचा पहिला धडा. ती खरोखरचं लिंबू द्यायची आणि पोरांच्या हातून पडलेलं लिंबू त्या दिवशी आमच्या कालवणात जायचं. कुंदाचं लिंबू कधी पडलंच नाही. सुट्ट्या-बिट्ट्या न घेता यायची, नखं कापलेली असायची. "घरी पियानो नय, मग सराव कशावर करतंस गो?" मावशीने विचारलं.

"पेटीवर, टीचर. रोज सकाळी."

मावशीने मान डोलावली. ज्यांच्या घरी पियानो नाही त्या पोरांना ती कपड्यांच्या पेटीवर खडूने पट्ट्या काढून बोटं चालवायला सांगायचीच. न सांगता ही पोर ते करते, म्हणून मावशीने त्या दिवशी जेवताना मला ऐकवलं, "बघ, शीक काही तिच्याकडून."

मग आला डावा हात आणि वाट लागली.

तुकडा एक छोटासा जर्मन नाच होता, तीन मात्रांचा. डाव्या हाताने खाली एक सूर धरायचा आणि वर दोनदा ठोकायचं. कुंदाचा डावा हात पट्ट्यांवर यायचा, एक सूर लावायचा आणि तिथून उठून डावीकडे हवेत जाऊन पुढेमागे, पुढेमागे हलायला लागायचा. मावशी उचलून आणायची, तो पुन्हा पळायचा. "बाय, हा तुजा हात हाय का पंखा?" कुंदाच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला स्वतःला ते कळायचंच नाही. उजवा वाजायला लागला की डावा आपला निघाला.

मावशीने सगळे उपाय केले. मनगटावर रुमाल बांधला. डाव्या बाजूला खुर्ची लावली, तर हात खुर्चीवर आपटला. तिने रागावून पाहिलं, मग लाडाने पाहिलं. कितीतरी आठवडे असे गेले. पोरांची लग्नं लागत होती आणि कुंदा दर वेळी पाहुणी म्हणून फुगे न खाता परत जात होती. अंडं चालत नव्हतं ना तिला.

शेवटी कोडं सोडवलं मी. मी ओटीवरून पाहत होते आणि त्या दिवशी सहज तोंडातून निघालं, "मावशी, ही तर आपल्या चर्चमधल्या नव्या हार्मोनियमवाल्यासारखी भाता मारते."

मावशी एकदम थांबली. "कुंदा, तुज्या घरची पेटी कसली?"

"भात्याची. बाबांची."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. पोर इतके महिने रोज सकाळी उजव्या हाताने धडा वाजवत होती आणि डाव्याने हवा भरत होती. डाव्याला वाटत होतं, आपलं काम तेच. तो बिचारा कामचुकार नव्हता, उलट फारच इमानी होता. मावशीला त्याची दयाच आली.

"मग डाव्याने तू कधी वाजवलंसच नय?"

"अगदी लहान असताना, टीचर. तेव्हा माझा हात भात्याला पुरत नव्हता ना. मग बाबा भाता मारायचे आणि मी दोन्ही हातांनी वाट्टेल ते बडवायची." हे सांगताना कुंदा पहिल्यांदा हसली.

मावशीने फर्मान काढलं: घरी सराव बंद. त्या बाजाच्या पेटीला हात लावायचा नाही. कपड्यांची ट्रंक असेल तिच्यावर पट्ट्या काढायच्या आणि त्यावर दोन्ही हात चालवायचे. दुसऱ्याच दिवशी मार्तंडराव ऑफिसातून परस्पर चकाल्याला आले, कोट अंगात, छत्री हातात.

"सराव करू नको म्हणणारी टीचर मी आज पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. "आमच्यात गुरू एक सूर वर्षभर घोटून घेतात. आणि माझी मुलगी ट्रंक बडवतेय! हिच्या आईच्या लग्नातली ट्रंक!"

"तुमची पेटी वाईट नय," मावशी म्हणाली. "पण ती तिचा एक हात खाते."

मार्तंडरावांना ते लागलं. पेटीबद्दल त्यांना कुणी असं बोललेलं नसावं. ते निघून गेले, मात्र शिकवणी बंद केली नाही. कुंदा म्हणाली, त्या दिवसापासून बाबा पेटी तिच्यासमोर वाजवत नाहीत, ती शाळेत गेली की वाजवतात. मला तेव्हा ते मजेचं वाटलं होतं. आता आठवलं की वाईट वाटतं.

ट्रंकेवर सूर नव्हता, त्यामुळे डाव्याला हवा भरायचं कारणच उरलं नाही. टकटक करत तो हळूहळू आपला धडा शिकला. उन्हाळा लागेपर्यंत तो पियानोवरही एकटा नीट चालायला लागला. आणि नेमकं त्याच वेळी कुंदासाठी मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा विद्याधर, इंजिनियर. सगळी सूत्रं त्याच्या काकांच्या हाती, त्यांना भाऊ म्हणत. भाऊ म्हणजे निवृत्त शाळा-तपासनीस. कुंदाने हे मला सांगितलं तेव्हा तिला स्थळाची काळजी नव्हती. "लग्न काय, होईल तेव्हा होईल गं. पण त्याआधी मला एकदा हे दोन्ही हात एकत्र ऐकायचेत. मुलुंडला गेल्यावर कोण वाजवू देणार?"

मावशीला स्थळाबिळाचं काही ठाऊक नव्हतं. डावा तयार झाला म्हणून ती आनंदात होती. तिने मला सांगितलं, "आठल्यांकडे जा आन् निरोप दे. रविवारी चारला लगीन. उशीर नको."

मी गेले. दार उघडंच होतं, दाराशी चपलांचा ढीग. आत लोक बसले होते, कुंदा रेशमी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. मुलगी बघायला असे येतात हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं, काहीतरी पूजा असेल. आम्हाला काय ठाऊक यांच्या पूजा कधी असतात ते. मी उंबऱ्यातूनच निरोप दिला. जसा दिला होता तसाच दिला, एक अक्षर पदरचं घातलं नाही, फक्त दोन वाक्यं सोयीची म्हणून जोडली.

"कुंदा, टीचरने सांगितलंय, तुझं लग्न रविवारी चारला, आमच्या घरी. डावा तयार झालाय. घरच्यांना आणलंस तरी चालेल."

कुणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला. मधल्या खुर्चीवरच्या मिशाळ म्हाताऱ्याने, तेच भाऊ, चष्मा वर केला. "डावा कोण?"

"तिचाच," मी म्हटलं.

"आणि उजवा?"

"उजवा तर कधीचाच तयार आहे."

"म्हणजे दोघं आहेत?"

इथे कुंदा जी हसत सुटली ती थांबेचना, पोह्यांच्या बशा वाजायला लागल्या. तिच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, भिंतीचा आधार घेतला. मार्तंडराव उभे राहून हात, पियानो, ट्रंक असं सगळं एका दमात समजावायला लागले. जितकं समजावत होते तितकं ते खोटं वाटत होतं, कारण खरं असं कुठे असतं? ही माझी चूक होती असं सगळे म्हणतात. मी अजून मान्य करत नाही. निरोप बरोबर होता, ऐकणारे चुकीचे होते.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठल्ये, मी जन्मभर शाळा तपासल्या. सांगितलेल्यावर माझा विश्वास नाही, दाखवलेल्यावर आहे. रविवारी चारला येतो. आहे तरी कसं हे लग्न, बघू."

त्या संध्याकाळी मार्तंडराव आमच्या ओटीवर आले आणि उभ्या उभ्याच बोलले. "टीचर, माझी शोभा झाली आहे. आता रविवारी चारचौघांत तिचा हात पळाला, तर हसं माझ्या मुलीचं होईल. तसं झालं तर पियानो बंद. कायमचा. मग स्थळ राहो की जावो."

शनिवारी कुंदा आली आणि मावशीने पहिल्यांदाच दोन्ही हात एकत्र लावून पाहिले. लग्नाआधी एकत्र आणायचे नाहीत हा तिचा नियम, पण तिलाही धीर धरवला नाही. उजवा सुरू झाला आणि डावा, इतके दिवस शहाण्यासारखा वागणारा डावा, उठून हवेत गेला. भाता मारायला लागला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ट्रंक मुकी होती, पियानो मुका नव्हता. सूर ऐकला की त्याला आपली जुनी नोकरी आठवायची.

"बाय, पुढं ढकलू," मावशी म्हणाली. "मी सांगन, मला ताप हाय."

"नको, टीचर. बाबा समजतील. मग उद्या न वाजवताच बंद होईल." कुंदाने दोन्ही हात मांडीवर घेतले होते. "स्थळ गेलं तर जाऊ दे. हे जायला नको मला."

मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती कुणाला करत नसे, मला तर कधीच नाही.

रविवारी फुगे तळले. मावशीच्या डोक्यात काळजी असली की फुगे जास्त होतात, त्या दिवशी दोन टोपल्या झाल्या. पोरं आली, भाऊ आले, मागे विद्याधर. त्याचे कान मोठे होते आणि तो बोलत नव्हता. मार्तंडराव कोट घालून आले आणि पियानोच्या डाव्या बाजूला भिंतीलगतच्या बाकावर ताठ बसले. मावशीने टोपली पुढे केली आणि खरं ते सांगितलं, "अंडं हाय यात."

"आम्ही खात नाही," मार्तंडराव म्हणाले. भाऊंनी टोपलीकडे थोडं जास्त वेळ पाहिलं, पण तेही नाही म्हणाले.

कुंदा बसली. उजव्याने सुरुवात केली, स्वच्छ आणि थोडी घाईत. मी ओटीच्या दारात उभी होते, मला तिची पाठ दिसत होती आणि डावा हात दिसत होता. तो खाली आला, पहिला सूर लागला, दोन ठोके पडले. पुन्हा सूर, पुन्हा दोन ठोके. मग तो उठला. पट्ट्यांपासून वीतभर वर आला आणि डावीकडे वळला. मावशीने माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. मनात म्हटलं, संपलं.

कुंदाने मान जराशी डावीकडे केली, आपल्या चुकार हातामागे पाहावं तशी. आणि हात तिथेच थांबला. मग परत खाली आला. बरोबर आपल्या सुरावर उतरला आणि पुढे चालायला लागला. उजव्याच्या जोडीने, न अडखळता, पहिलं पान, दुसरं पान. ही मोठी कला होती असं मी म्हणत नाही. दोन जागी सूर चुकला, मला कळला. पण दोघं एकत्र होते आणि एक दुसऱ्याला सोडून जात नव्हता. मला रडू यायला लागलं. मला, जिला कोलंबीशिवाय काही जमत नाही.

हात का थांबला ते बघायला मी कुंदाची नजर गेली होती तिकडे पाहिलं.

बाकावर मार्तंडराव बसले होते. डोळे मुलीच्या बोटांवर, ओठांत सहा मात्रांचा दादरा मोजत. आणि त्यांचा डावा हात मांडीवरून उठला होता. अंगठा बाहेर, चार बोटं जुळलेली, तो हवेत पुढेमागे हलत होता. सावकाश, एका लयीत, जराही आवाज न करता. कोट घातलेला एक हेडक्लार्क, मुलुंडच्या पाहुण्यांसमोर, लेक लहान असताना भरायचा तशी, नसलेल्या पेटीला हवा भरत होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शेवटचा सूर लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठले, दोन्ही पानं नीट पाहिली आणि म्हणाले, "हं. लागलं लग्न. दोघंही घरंदाज दिसतात." विद्याधर पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "परत एकदा ऐकता येईल का?" ते दुसरं लग्नही पुढे झालं, पण ते सांगायला मी बसलेली नाही.

मावशीचं पाहुण्यांकडे लक्षच नव्हतं. ती मार्तंडरावांसमोर जाऊन उभी राहिली होती. "आठल्येसाहेब, तुमचा डावा हात काय करत होता?"

मार्तंडरावांनी खाली पाहिलं. हात अजून अर्धा वर होता. त्यांनी तो पटकन कोटाच्या खिशात घातला आणि कान लाल झालेल्या पोरासारखे म्हणाले, "सवय आहे. माफ करा."

"पियानोला हवा लागत नय हो," मावशी हळूच म्हणाली.

कुंदाने बसल्या जागेवरून मान वळवली. तिचे दोन्ही हात अजून पट्ट्यांवरच होते. "पियानोला नाही लागत, टीचर," ती म्हणाली. "मला लागते."

मार्तंडरावांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, टोपली पुढे ओढली आणि एक फुगा उचलून तोंडात टाकला.